मोत्या, मनी आणि आखाजीचं ऊन

मुलांनो, परीक्षा संपल्या का? संपल्या असतील तर आता घरात तुमचंच राज्य! आणि ज्यांच्या ओट्यावर मोत्या आहे किंवा चुलीपाशी मनी आहे, त्यांच्या घरात तर तुमच्यापेक्षा त्या दोघांचंच राज्य. पण एक गंमत बघा. तुमची परीक्षा संपते आणि नेमकी तेव्हाच आपल्या खान्देशातल्या कुत्र्या-मांजरांची परीक्षा सुरू होते. जळगाव, भुसावळ, धुळं, शिरपूर... कुठंही जा, एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकलेला. आखाजीला झाडाला झोके बांधायचे, आमरस ओरपायचा, दुपारी कूलरसमोर लोळायचं, हे आपलं झालं. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये साखळीनं बांधलेल्या मोत्याचं काय?

आपल्याला उकडलं की सगळ्या अंगाला घाम फुटतो. घाम वाळतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला ही सोयच नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पायांच्या तळव्यात असतात, आणि तेवढ्याशा घामानं काय होणार? म्हणून तो तोंड उघडून जीभ बाहेर काढतो आणि भराभरा धापा टाकतो. जिभेवरची आणि तोंडातली ओल हवेनं वाळते, तसतसं आतलं रक्त गार होत जातं. थोडक्यात, त्याची जीभ म्हणजे त्याचा कूलर. पण बाहेरची हवाच तव्यासारखी तापली असेल, तर हा कूलर तरी किती पुरा पडणार!

इथं आणखी एक सांगून ठेवतो. कुत्र्या-मांजरांचं अंग नेहमीच आपल्यापेक्षा गरम असतं. आपलं तापमान ९८.४ फॅरनहाइटच्या आसपास, तर त्यांचं साधारण १०१ ते १०२.५. त्यामुळे "मनीचं अंग गरम लागतंय, तिला ताप आलाय" असं म्हणून कुणी तिला घरातली तापाची गोळी द्यायला निघालं, तर त्याचा हात धरा. का, ते पुढं सांगतो. ते फार महत्त्वाचं आहे.

आपल्याकडचं गावठी कुत्रं उन्हाला बऱ्यापैकी सरावलेलं असतं. सडपातळ अंग, आखूड केस, उभे कान. हजारो वर्षं याच मातीत राहून बनलेली ही बांधणी आहे. धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ मेंढ्यांचे कळप घेऊन रानोमाळ हिंडतात. त्यांच्यासोबतची कुत्री बघा, दुपारी मेंढ्यांच्याच सावलीत अंग चोरून पडतील आणि रात्री कळपाभोवती खडा पहारा देतील. आता याच्या उलट बघा. अलीकडे शहरातल्या काही घरांत हस्की नावाचं कुत्रं दिसायला लागलंय. निळ्या डोळ्यांचं, लांडग्यासारखं, दिसायला मोठं देखणं. पण ते मूळचं सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारं! अंगावर केसांचे दोन थर. त्याला जळगावात आणून ठेवायचं म्हणजे वैशाखात आपण दोन गोधड्या पांघरून गच्चीत बसण्यासारखं आहे. माझं स्पष्ट मत विचाराल तर आपल्या हवेत हस्की आणूच नये. चपट्या नाकाच्या पगचंही तेच. नाकच एवढंसं, तर तो धापा टाकणार कशा? बाबा नवं कुत्रं आणायचं म्हणत असतील तर त्यांना सांगा, गल्लीतल्या गावठी कुत्रीची पिल्लं असतात ना, त्यातलं एक आणू या. पैसे लागत नाहीत, हवा मानवते, आणि हुशारीला ते कुणाला हार जाणारं नाही.

पाण्याची गोष्ट साधी आहे, पण तीच नेमकी राहून जाते. पंधरा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला जवळपास लिटरभर पाणी लागतं. उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही लागेल. आपल्याकडे कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही. साठवणीच्या पाण्यात मोत्याचाही वाटा धरा. आणि दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी त्याच्या भांड्यात ओतू नका, ते चहाइतकं तापलेलं असतं. माठातलं द्या. स्टीलच्या भांड्यापेक्षा कुंभाराकडचं मातीचं पसरट भांडं घ्या. पाणी गार राहतं आणि ते सहजी उलथत नाही. पत्र्याच्या शेडखाली कुत्रं बांधू नका, ती सावली नव्हे, ती भट्टी! त्यापेक्षा कडुलिंबाखाली ओलं बारदान टाका. जुन्या धाब्याचं घर असेल तर प्रश्नच नाही, मोत्या स्वतःच आतला गार कोपरा शोधून काढील.

फिरायला न्यायचं ते सकाळी ऊन तापायच्या आत आणि संध्याकाळी दिवस बुडाल्यावर. डांबरी रस्ता तापलाय का, हे बघायची एक युक्ती आहे. हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवा आणि सात आकडे मोजा. तुम्हाला हात ठेववला नाही, तर त्याला पाय कसे ठेवतील? तुमच्या पायात चप्पल असते. त्याच्या नाही.

आणि उन्हाचा झटका बसलाच तर? तो कसा ओळखायचा ते आधी बघा. धापा थांबतच नाहीत, तोंडातून चिकट लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चाल झोकांड्या खाते, उलटी होते आणि मग ते आडवं होतं. अशा वेळी आधी गार करा आणि मगच दवाखान्यात न्या. रिक्षा शोधण्यात वेळ घालवून तसंच गरम कुत्रं नेऊ नका. सावलीत घ्या, माठातलं किंवा हौदातलं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, तळव्यांवर ओता आणि पुठ्ठ्यानं नाहीतर पंख्यानं वारा घाला. ओला टॉवेल अंगावर तसाच गुंडाळून ठेवायचा नाही. तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पाच-दहा मिनिटं असं करून लगेच पशुवैद्यांकडे पळा. कुत्रं उठून बसलं तरीही न्या. आत मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते आणि ती वरून दिसत नाही.

मनीचं मात्र वेगळं आहे. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्यामुळे उन्हाचं तिला तितकं काही वाटत नाही. घरातली सगळ्यात गार जागा कुठली, हे मनीला विचारा. मोरीच्या कडेला नाहीतर माठाच्या तिवईखाली ती सापडेल. पण वाळवंटातून आल्यामुळेच तिला एक वाईट खोड आहे. ती पाणी फार कमी पिते. त्यातून लघवीचा त्रास होतो, विशेषतः बोक्याला. बोका सारखा कोपऱ्यात जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण थेंबभरच लघवी होतेय किंवा तीही होत नाहीये, असं दिसलं तर "पोट साफ नसेल" म्हणून उद्यावर ढकलू नका. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एरवी तिला पाणी आवडावं म्हणून भांडं जेवणापासून लांब ठेवा, घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि खाणं ओलसर द्या.

आता खाण्याकडे येऊ. इथं आजीशी थोडं भांडण होणार, पण ते गोड बोलून करा!

आपल्या खान्देशी जेवणाची चव काळ्या मसाल्यात, कांद्यात आणि लसणात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, त्यात कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची... नुसतं लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं. पण हेच भरीत आणि कळण्याची भाकरी उरली की पानातलं उष्टं मोत्याच्या ताटलीत जातं. शेवभाजीचा रस्सा भाकरीवर ओतून दिला जातो. आणि इथंच घोटाळा आहे. कांदा आणि लसूण ही कुत्र्या-मांजरांसाठी विषं आहेत. त्यांतल्या गंधकाच्या संयुगांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून कुटलेला असो, त्यात फरक पडत नाही. कुत्र्याला दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधतो, मांजराला फक्त ५ ग्रॅम. म्हणजे तीन किलोच्या मनीला छोट्या कांद्याच्या चार फोडीही पुरेत. गंमत म्हणजे (गंमत कसली!) परिणाम लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबूस होते, आणि तोवर घरातले परवाचं भरीत विसरून गेलेले असतात. "पण आमचा कुत्रा तर वर्षानुवर्षं खातोय, त्याला काही झालं नाही," असं कुणी म्हणेलच. थोडं थोडं खाऊन थोडं थोडं रक्त कमी होत असतं. तो ते बोलून दाखवत नाही, एवढंच.

तर करायचं काय? फोडणी घालायच्या आधी मोत्याचं वरण बाजूला काढायचं. ज्वारीची भाकरी किंवा भात, त्यावर बिनफोडणीचं वरण, थोडं दही, उकडलेला लाल भोपळा. घरात चालत असेल तर उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेली कोंबडी. शिजवलेली हाडं मात्र नको. ती मोडली की सुईसारखी टोकदार होतात आणि आतडं फाडतात. नुसती दूध-पोळी किंवा कोरडी भाकरी खाऊन कुत्र्याचं पोट भरतं, पण अंग भरत नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तुम्हाला माहीत आहेत. भाव तोच ठेवा, पण तूप बेतानं. तळलेलं आणि तुपकट फार झालं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते.

केळ्याचं काय, असं रावेर-यावलची मुलं विचारतीलच. केळं चालतं! खाऊ म्हणून दोन-चार चकत्या. साल मात्र नको. आणि आखाजीला एका गोष्टीवर डोळा ठेवा. आंब्याची कोय. रस काढून झाला की कोयी अंगणात पडतात, मोत्या त्या चघळतो आणि एखादी गिळून बसतो. ती आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय सुटका नाही. कोयी मोजून झाकणाच्या बादलीत टाकायचं काम यंदा तुम्ही अंगावर घ्या. द्राक्षं आणि मनुकाही कुत्र्याला देऊ नका, म्हणजे शिऱ्यातल्या मनुकासुद्धा. त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. का होतात, हे पुष्कळ वर्षं कोडंच होतं. त्यांतलं टार्टारिक आम्ल कारण असावं, असं २०२१ पासून पशुवैद्य मानू लागले. हेच आम्ल चिंचेतही असतं, तेव्हा चिंचही लांब ठेवा. चॉकलेटही नको. आणि गोठ्यात सरकी-ढेपेचं पोतं असेल तर तोंड बांधून ठेवा. सरकीतलं गॉसिपॉल हे द्रव्य म्हशीला पचतं, कुत्र्याला नाही.

मनीच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे दूध. गोष्टीच्या पुस्तकात मांजर म्हटलं की बशीत दूध! पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते तिला मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. ते मिळालं नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन ती आंधळी होते, हे १९७५ मध्ये कळलं. हृदय कमजोर होतं, हे १९८७ मध्ये. आता आपल्याकडे कितीतरी घरांत अंडंही चालत नाही. त्यात वाईट काही नाही. पण अशा घरानं मांजर पाळायचं ठरवलं, तर निदान दुकानात मिळणारं मांजरांचं तयार खाणं तरी घरात येऊ द्यावं. तेही जमणार नसेल तर सरळ कुत्रा पाळावा. नीट आखलेल्या शाकाहारावर कुत्रा राहू शकतो, मांजर नाही. "ती उंदीर खाईलच की," असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या घरात उंदरांचं औषध टाकलंय का, हे आधी विचारून यावं. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरतं.

मघाशी तापाच्या गोळीचं राहिलं होतं. आपल्या प्रत्येकाच्या घरात पॅरासिटामॉल असतं. मांजराच्या शरीराला ते निकामी करून बाहेर टाकता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. एकच! कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही पावडरी आणि थेंबांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला चालत नाही. आणि फरशी फिनेलनं पुसली की वाळेपर्यंत मनीला खोलीबाहेर ठेवा. ती पाय चाटते, आणि पायाला लागलेलं फिनेल पोटात जातं.

गोचिडांचं थोडक्यात सांगतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली रोज बघायचं. सापडलं तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं, बोटांनी चिरडायचं नाही. काही जण रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल चोळतात. त्यानं कातडी भाजते आणि चाटून विषबाधा होते, ती वेगळीच. गोचिडांमुळे येणारा ताप कुत्र्याला मारू शकतो. खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं, तर थांबू नका.

आता जे सांगणार आहे, ते आई-बाबांना जवळ बसवून वाचा.

रेबीज. आपल्याकडे म्हणतात, कुत्रं पिसाळलं. हा रोग एकदा दिसायला लागला की त्यावर उपाय नाही. माणसालाही नाही, कुत्र्यालाही नाही. पण तो दिसायला लागायच्या आधी त्याला पूर्णपणे अडवता येतं, आणि हेच सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. याला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर कमी. लहान मुलांची उंचीच कमी, म्हणून त्यांना चेहऱ्यावर चावे जास्त बसतात. लस घ्यायची ती या वेळात, विषाणू मेंदूत पोचायच्या आत.

ही लस पहिल्यांदा टोचून घेतली ती तुमच्याच वयाच्या मुलानं. ६ जुलै १८८५. फ्रान्समध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची आई पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला ठिकठिकाणी फाडलं होतं. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांची लस तोवर कुत्र्यांवर वापरून झाली होती, पण अशा चावलेल्या मुलावर तिचा भरवसा कुणी द्यायचा? तरी डॉक्टरांच्या हातून अकरा दिवसांत तेरा टोचण्या दिल्या, आणि जोसेफ जगला. आपल्या देशात १९०० मध्ये हिमाचलातल्या कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथं डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवायची रीत बसवली. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, म्हणून तुमचे आजोबा घाबरवतात ना, ती हीच लस. ती २००४ च्या अखेरीपासून भारतात बंद झाली. आता इंजेक्शन दंडात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. इंजेक्शन स्नायूत दिलं तर चौदाव्या दिवशीही. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. तेव्हा "चौदा इंजेक्शनं" हे भूत आता डोक्यातून काढून टाका.

हे भूत एवढ्यासाठी काढायचं, की त्याच्याच भीतीनं मुलं चावा लपवतात. गल्लीतल्या पिल्लाशी खेळताना दात लागला, मांजरानं ओरबाडलं, थोडं रक्त आलं. "आई रागावेल, इंजेक्शन देतील, पिल्लू हाकलून देतील" म्हणून पोरगं बाही खाली ओढतं आणि गप्प बसतं. माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे: त्याच दिवशी, त्याच तासाला घरी सांगा. आणि आई-बाबांना मागणं असं, की मुलानं येऊन सांगितलं तर आधी रागावू नका. एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

दात किंवा नख लागून कातडी फाटली की पहिलं काम नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा. साबणानं हा विषाणू मरतो, म्हणून या धुण्याला औषधाइतकीच किंमत आहे. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. नंदुरबारची मिरची भाजीत घाला, जखमेत नको! मग दवाखाना. रक्त आलेलं असेल तर डॉक्टर लसीबरोबर जखमेत आणखी एक इंजेक्शन देतात, त्याला नाही म्हणू नका. चावणारं कुत्रं माहितीतलं असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. पण लस सुरू करायला ते दहा दिवस थांबायचं नाही. कुत्रं छोटं पिल्लू आहे, घरचंच आहे, दिसायला छान आहे, यातलं काहीही लस टाळायला कारण होत नाही. मोत्याला आणि मनीला दोघांनाही रेबीजची लस द्यायची. पहिली तीन महिन्यांची झाल्यावर, आणि मग डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. आपल्या देशानं २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं ठरवलंय. ते दिल्लीत बसून होणार नाही, धुळ्या-जळगावच्या गल्ल्यांतच व्हावं लागेल.

पिल्लांना आणखी एक मोठा शत्रू आहे, पार्व्हो. १९७८ च्या सुमारास हा रोग जगभर अचानक पसरला. रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-चार दिवसांत जातं, आणि विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. दिवाळीनंतरच्या थंडीत गल्लीतली कुत्री व्यायली की तुम्ही मुलं विटांचं घर करता, बारदान टाकता, घरोघरून पीठ-गूळ मागून तिला शिरा खाऊ घालता. फार छान करता! फक्त पिल्लू आठ आठवड्यांचं व्हायच्या आत उचलून घरी नेऊ नका. आईजवळ, भावंडांत तेवढे दिवस राहिलं तर चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे ते तिथंच शिकतं. मग सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करायच्या आणि जंतांचं औषध द्यायचं.

आता आनंदाचं. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकतं आणि तुम्ही म्हणता तापट आहे. तुम्हाला बांधून ठेवलं तर? आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. कायम साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायचं नाही, हा त्यात गुन्हा धरलाय. किती जणांना हे माहीत असेल? फिरायला नेल्यावर त्याला ओढत पळवू नका, हुंगू द्या. तुम्ही मासिक वाचता, तसं ते खांब वाचतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळणारी आपली माणसं. जनावराला काय हवं ते कळायला त्यांना पुस्तक लागत नाही, थोडी सवड लागते. मनीसाठी एका फळीला सुतळी घट्ट गुंडाळून उभी करा, ती नखं तिथं घासेल आणि सोफा वाचेल. फटाक्यांच्या आणि डीजेच्या आवाजात मात्र दोघांनाही आतल्या खोलीत ठेवा. आपल्याला २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६०,००० च्या आसपासचा. आपल्याला नुसता गोंगाट वाटतो, त्यांना काय काय ऐकू येत असेल!

राहता राहिला पिल्लांच्या संख्येचा प्रश्न. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, सुमारे ६३ दिवसांनी विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं देते. ती सगळी कुठं जातात? रस्त्यावर. पूर्वी सरकारला यावर एकच उपाय सुचायचा, मारणं. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईच्या कोटात पोलीस बक्षिसासाठी भटकी कुत्री मारत सुटले, तेव्हा पारशी मंडळींनी दुकानं बंद करून मोठा दंगा केला होता. आता २००१ चे आणि त्याजागी आलेले २०२३ चे नियम सांगतात, की नसबंदी करा आणि रेबीजची लस टोचा. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते. तुमच्या गल्लीत अशी किती आहेत, बघा. आणि घरच्या मनीची, मोत्याची शस्त्रक्रिया करायची का, हे पशुवैद्यांना विचारा. "तिला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" असं शेजारच्या काकू म्हणतील. त्यात तिच्या तब्येतीचा काही फायदा नाही, उलट वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेनं पुढचे गर्भाशयाचे आजार टळतात.

आता या आठवड्याचं काम. जुन्या वहीची कोरी पानं काढा, शिवून छोटी वही करा आणि वर मोत्याचं किंवा मनीचं नाव घाला. पहिल्या पानावर जन्माचा अंदाजे महिना, वजन आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन. दुसऱ्या पानावर रेबीजची लस कधी दिली आणि पुढची कधी, या दोन तारखा. बाबांना विचारा. "आठवत नाही" असं उत्तर आलं, तर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत दोघं मिळून दवाखान्यात जा. जाताना पाण्याची बाटली आणि एक वाटी घ्यायला विसरू नका.